नदीकडे पाठ

त्या वर्षी मला सगळं येत होतं. पुढे हळूहळू येईनासं झालं आणि ते अजून चालूच आहे. परवा टीव्हीचा रिमोट येईनासा झाला. पण त्या पावसाळ्यात, दोन वेण्या लाल रिबिनीनं कानाशी दुमडून बांधलेली, हनुवटी वर करून बोलणारी जी कोणी सुजाता होती, तिला न येणारी गोष्ट जगात शिल्लक नव्हती. ती आज रस्त्यात भेटली तर मी तिला आधी एक चापट देईन. मग जवळ घेईन, कारण ती भित्री होती. आपण भित्र्या आहोत हे तिला सोडून गावात सगळ्यांना माहीत होतं.

बाबा मास्तर होते. भामरागडच्याही पलीकडे, नदी ओलांडून, एका माडिया आदिवासींच्या गावात त्यांची शाळा होती. शाळेची एकच खोली, आणि तिच्या मागच्या भिंतीला टेकून आमचं घर. गोंडपिपरीहून बदली होऊन आम्ही इकडे निघालो तेव्हा माझ्या मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या काकूनं, मायच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला होता की बैलगाडीवाल्याला वाटलं घरात कोणी गेलं. पावसाळ्यात रस्ता बंद व्हायचा. बंद म्हणजे दिसेनासाच व्हायचा. मग बाहेरचं जग म्हणजे लालसूभाऊचा डोंगा. एका झाडाचं खोड कोरून केलेला तो लांबोळका डोंगा नदी ठीक असेल तेव्हा चालायचा, नसेल तेव्हा काठावर बांधलेला असायचा. नदी ठीक आहे की नाही हे फक्त लालसूभाऊ सांगायचा, आणि त्याच्यावर अपील नव्हतं.

घरातून नदी दिसायची नाही, ऐकू यायची. उन्हाळ्यात ती शेजारणीसारखी कुजबुजायची, पावसाळ्यात जात्यासारखी घरघरायची. माय भात वाढता वाढता मध्येच थांबून म्हणायची, "आज आवाज जाड झाला," म्हणजे पाणी चढलं. छपराच्या कवेलूंवर पाऊस, अंगणात बेडकं, शाळेच्या आढ्यात वटवाघळं, आणि ह्या सगळ्याच्या खाली तो जाड आवाज. ताटात बहुतेक भात, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, त्यांची भाजी. ती शिजताना घरात असा वास सुटायचा की माझा धाकटा भाऊ सिद्दू नाक दाबून बाजेखाली जाऊन बसायचा आणि भाजी झाली की सगळ्यात आधी ताट घेऊन यायचा. कधी शेजारची जुरीबाई, म्हणजे लालसूभाऊची बायको, वाडगाभर गार आंबील आणून द्यायची. ती आली की काही बोलायची नाही. बसायची, मायच्या हातातलं अर्धं काम आपल्या हातात घ्यायची आणि ते संपलं की उठून जायची. मला ही कसली पाहुणी असं वाटायचं. मी स्वतः तेव्हा अखंड बोलत असे.

पुढल्या वर्षी मला अहेरीच्या हायस्कुलात घालायचं होतं. मास्तरची पोरगी इंग्रजीत मागे पडली असं कोणी म्हणू नये म्हणून बाबा रोज संध्याकाळी शिकवणी घ्यायचे. पुठ्ठे गेलेली एक जाडजूड डिक्शनरी त्यांच्यापाशी होती. त्यांची पद्धत त्यांचीच होती. एक मराठी शब्द घ्यायचा, त्याला इंग्रजीत जितके शब्द असतील तितके काढायचे, आणि प्रत्येकाला आपल्याच घरातलं उदाहरण लावायचं. त्यांचं म्हणणं, दोन शब्दांचा अगदी एकच अर्थ कधी नसतो. असता तर त्यातला एक केव्हाच उपाशी मेला असता. त्या पावसाळ्यात 'मनाई' चालू होती.

"फॉरबिड कोण करते?"

"माय."

"अन् प्रोहिबिट?"

"सरकार."

"दोघंही नाई म्हणतात. मंग फरक काऊन?"

"मायले माह्यं तोंड माहीत आहे. सरकारले माहीत नाई."

बाबा खूश. मग बॅन. बॅन म्हणजे आधी चालत होतं ते एक दिवस उठून बंद केलं. त्याचं उदाहरण रोज आमच्या ताटातच असे. लाखोळीची डाळ खाऊन पाय लुळे पडतात म्हणून सरकारनं ती विकायला बंदी केली होती, आणि आमच्या मुलखात घरोघरी तिचंच वरण शिजत होतं. "बॅन असा असते पाह्य," बाबा भुरका मारून म्हणायचे, "कागदावर कोणीच खात नाई." (पुढे ती बंदी उठली म्हणतात. आता आमच्या जिल्ह्यात दारूला बंदी आहे. म्हणजे दारू मिळते, पण कुजबुजत मिळते.) बार म्हणजे जंगल नाक्यावरचा आडवा बांबू. इतकं झाल्यावर मी शहाणपणानं विचारलं, की मग प्रिव्हेंटही त्यातच बसवायचा का. बाबांनी डिक्शनरी मिटली.

"नाई. बकरीले म्हटलं, रोपाले तोंड लावू नोको, तं ते झाली मनाई. बकरी खुंट्याले बांधली, तं ते मनाई नाई, ते दोरी. मनाई केली तरी समोरच्याले ते करता येते, सुजा. करता येते म्हणून तं मनाई करा लागते."

मी मान हलवली. कळलं काही नव्हतं, पण मान मी फार छान हलवत असे. दुसऱ्या दिवसापासून मी गावभर शब्द चिकटवत फिरू लागले. मुंग्यांना गुळाचा डबा प्रोहिबिटेड. सिद्दूला माझी रिबीन फॉरबिडन. सिद्दू पाच वर्षांचा होता. त्यानं ती रिबीन कुत्र्याच्या गळ्यात बांधली. एक दिवस सगळं गाव रिकामं बसलेलं दिसलं. उघडीप पडलेली, तरी शेतावर कोणी नाही. जुरीबाईला विचारलं तर म्हणाली, "पोलो आहे." पोलो म्हणजे त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. मी विचारलं, कोणी नाई म्हटलं? तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी विचारलंय की पाऊस कोणाच्या हुकमानं पडतो. "कोणीच नाई. पोलो आहे." मी धावत बाबांकडे, की याला इंग्रजीत काय. बाबांनी डिक्शनरीची पानं उलटली. म्हणाले, एक शब्द आहे, टॅबू, पण तो इंग्रजांनी कुठल्यातरी दूरच्या बेटावरून उचलून आणलाय. त्यांच्यापाशी आपला नव्हताच.

मायला शब्दांची गरज पडत नसे. म्हणजे रोजचं 'नाई' ती तोंडानंच म्हणायची, दिवसातून शंभरदा, आणि ते आम्ही तिघंही ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. पण एक वेगळं होतं. ते क्वचित व्हायचं. काही बोलायची नाही, भांडायची नाही, सूप घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची आणि तांदूळ निवडायला लागायची. आपल्याकडे तिची पाठ. बस, इतकंच. त्यानंतर घरात कोणी पाऊल टाकत नसे. एकदा वाघानं पाणवठ्याजवळ बैल मारलेला, आणि बाबांना संध्याकाळच्या तोंडावर त्याच वाटेनं मीटिंगला जायचं होतं. ते चपला घालून, छत्री काखेत मारून उभे राहिले. मायनं सूप घेतलं. बाबांनी त्या पाठीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग चपला काढल्या. म्हणाले, "मीटिंग काय, उद्याही राह्यते." ती पाठ ओलांडली तर पुढे काय होतं हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी ओलांडून पाहिलंच नव्हतं. मी बाबांना हळूच विचारलं, हा कोणता शब्द. ते म्हणाले, "शिकवणी संध्याकाळी."

त्या पावसाळ्यात सिद्दूला हिवताप आला. हिवताप आमच्याकडे नवा नव्हता; तो वर्षातून एकदा मामासारखा येऊन जायचा. पण ह्या वेळी तो राहिला. आधी सिद्दू इतका कापायचा की त्याच्याखालची बाज जमिनीवर टकटक वाजायची. घरातल्या सगळ्या गोधड्या, वर बाबांचा कोट, त्याच्यावर मी. मग तापायचा. मग घामानं भिजून निपचित. दोन पाळ्या झाल्यावर तो असंबद्ध बोलायला लागला. मला म्हणाला, ताई, तुझ्या डोक्यावर बेडूक बसलंय. मी हसले. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि माझं हसणं तिथेच वाळलं. घरातल्या गोळ्या संपल्या होत्या. सकाळी बाबा भामरागडच्या दवाखान्यातून गोळ्या आणायला निघाले. जाताना माझ्या वेणीला हिसका देऊन म्हणाले, "चार वाक्यं करून ठेव. एकाएका शब्दाचं एक." लालसूभाऊनं त्यांना पलीकडे सोडलं आणि त्यांची वाट बघत तो तिथेच थांबला. आकाश स्वच्छ होतं. पण आमच्या नदीला आमच्या आकाशाशी काही देणंघेणं नसे. पाऊस वर बस्तरकडे पडायचा आणि पाणी आमच्याकडे यायचं. दुपारी माय पाण्याचा तांब्या सिद्दूच्या तोंडाशी धरून होती, ती तशीच थांबली. "आवाज जाड झाला," म्हणाली.

बाबा त्या दिवशी आले नाहीत.

भीती कशी असते हे मला कोणी विचारलं तर मी सांगते, ती ओल्या लाकडाच्या धुरासारखी असते. घर सोडून जात नाही आणि डोळ्यांतून पाणी काढते. मी कोपऱ्यात बसून वाक्यं करत होते. द मदर फॉरबिड्स द बॉय. पुढे काय फॉरबिड करते ते सुचत नव्हतं. सिद्दूचे डोळे अर्धे उघडे राहत होते आणि त्यात काळं दिसत नव्हतं. मायनं चूल पेटवली, भात टाकला, तो करपला, तिला वास आला नाही. जुरीबाई येऊन बसली. तिचा स्वतःचा नवरा पलीकडे अडकला होता. तिनं ओलं फडकं मायच्या हातातून घेतलं आणि सिद्दूचे तळपाय पुसत राहिली. तिच्याकडे बघून मला धीर यायला हवा होता. पण ती नेहमी गप्प असे आणि आताही गप्पच होती, त्यामुळे तिच्या मनात काय आहे ते कळेना. मला कोणीतरी 'काई होत नाई' म्हणायला हवं होतं. कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मायनं मला घाटावर पिटाळलं, बाबा दिसतात का पाहून ये म्हणून. घाटाचा ओळखीचा दगड पाण्याखाली गेला होता. नदी लाल झालेली, तिच्यावर फेसाचे गोळे, आणि आता ती घरघरत नव्हती, एका सुरात हुंकारत होती. पलीकडचा काठ एवढा लांब गेला होता की तिथली माणसं बोटाएवढी दिसत होती. पण आपलं माणूस बोटाएवढं झालं तरी ओळखू येतं. बाबांचा पांढरा सदरा. गळ्यात पिशवी बांधलेली. लालसूभाऊ जमिनीवर उकिडवा बसलेला, हात गुडघ्यांवर. बाबा त्याच्याशी हातवारे करून बोलत होते. तो मान वर करत नव्हता. मग बाबा त्याला सोडून डोंग्याकडे गेले आणि वाकून तो पाण्याकडे ढकलू लागले.

बाबांना पोहता येत नव्हतं. गोंडपिपरीकडचं आमचं घराणं शेतमजुरांचं. विहिरीतून पाणी शेंदणारी माणसं, पाण्यात उतरणारी नव्हेत. मी सिद्दूचं अंग पुसायचा टॉवेल खांद्यावर टाकूनच आले होते. तो काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर गरागरा फिरवायला लागले. ओरडले, बाबा, नोका येऊ. नाई. नाई. नदीनं ते सगळं माझ्या दातांपाशीच खाल्लं. मग काय झालं देव जाणे, देव आमच्या घरात कोणी मानत नसे, पण कोणीतरी जाणे, मी इंग्रजीत ओरडायला लागले. फॉरबिड. प्रोहिबिट. बॅन. होते नव्हते तेवढे सगळे शब्द मी त्या नदीत टाकले. मास्तरच्या पोरीनं केलेली एवढी चांगली उजळणी ऐकायला पलीकडे मास्तर होते, आणि त्यांना ऐकू जात नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की पोरगी एकटी घाटावर आली आहे, वेड्यासारखी टॉवेल फिरवते आहे, माय तिच्याबरोबर नाही. ह्याचा कोणताही बाप एकच अर्थ काढील. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोंग्याला दुप्पट जोर लावला. मी जितकी जोरात फिरवायची तितके ते जोरात ढकलायचे. डोंग्याचं टोक पाण्याला लागलं.

मी घराकडे पळाले. वाटेत चिखलात पडले, उठले, चप्पल तिथेच राहिली. दारातून ओरडले, "माय, बाबा डोंगा काढून राह्यले. लालसूभाऊ येत नाई, ते एकटेच काढून राह्यले."

सिद्दू मायच्या मांडीवर होता. त्याचे हात झटके खात होते. माय माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. मला त्या वेळी राग आला होता की ही उठत का नाही. आज, नातवंडं झाल्यावर, तो क्षण आठवला की मला पाणी प्यावं लागतं. बाबांच्या गळ्यातल्या पिशवीत ह्याच्या गोळ्या होत्या. ती पिशवी यायला तर हवी होती. मायनं सिद्दूला उचलून जुरीबाईच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "बाई, पाह्यजो." आणि चालत निघाली. पळाली नाही. मी तिच्याभोवती कुत्र्याच्या पिलासारखी घिरट्या घालत, ओरडत, आणि ती आपली पदर खोचून चालते आहे.

घाटावर ती उंचावर उभी राहिली, जिथून नीट दिसेल तिथे. बाबांनी तिला पाहिलं. डोंगा अर्धा पाण्यात होता, त्यांचा एक पाय आत होता. त्यांनी गळ्यातली पिशवी दोन्ही हातांनी वर उचलली आणि तिला दाखवली. माय पिशवीकडे पाहत राहिली. नदीच्या आवाजात तेवढीच एक गोष्ट मला स्पष्ट आठवते, ती हवेत धरलेली पिशवी.

मग माय वळली आणि ओल्या जमिनीवर बसली. नदीकडे पाठ करून.

हातात सूप नव्हतं. समोर भिंत नव्हती. समोर मी होते. बाबांना पाठ दिसली. मला समोरचं दिसलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचा जबडा थरथरत होता. माय रडताना मी पाहिली होती, पण हे रडणं नव्हतं. ह्याला मला अजून शब्द मिळालेला नाही, कोणत्याच भाषेतला. आणि पाठ मात्र ताठ. अगदी तांदूळ निवडायला बसावी तशी.

बोळा काढून ती म्हणाली, "काय करून राह्यले?"

"उभे आहेत."

"पाय कुठी आहे?"

"डोंग्यात."

मग पुन्हा, "आता?"

"तसाच आहे. माय, तू पाह्य ना. तू वळून पाह्य ना वो."

"तू सांग. मले वळता येत नाई."

मी बाबांवरून नजर काढली नाही. मला वाटत होतं मी डोळे मिटले की ते निघतील. "वल्हं हातात आहे," मी म्हणाले. मायनं मूठभर चिखल धरला. "लालसूभाऊ उठला. नाई, बसला. बाबा इकडंच पाहून राह्यले." मला हे असं सांगत किती वेळ गेला कोण जाणे. मी आयुष्यात पुष्कळ बोलले, पण इतकं नेमकं पुन्हा कधी बोलले नाही. घरात जुरीबाईच्या मांडीवर सिद्दू कसा असेल हे तिनं एकदाही विचारलं नाही, आणि मी एकदाही काढलं नाही.

"माय, पाय काढला."

"नीट पाह्य."

"काढला. वल्हं टाकलं. खाली बसले."

माय लगेच उठली नाही. मुठीतला चिखल तिनं सोडला, दुसऱ्या हातानं बोटं पुसली. मग उठली आणि तशीच, मागे न पाहता, घराकडे चालायला लागली.

इथे मध्येच एक मोठं झाड नदीतून वाहत आलं आणि बाबा निघाले असते तर डोंग्यावर आदळलं असतं, असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. माझी थोरली जाऊ ही गोष्ट तशीच सांगायची, आणि दर वेळी ते झाड वाढत जायचं. तसं काही आलं नाही. नदी वाहत राहिली. बाबा कदाचित पार आलेही असते. हे माहीत नाही, आणि माहीत नाही हेच पुढे आमच्या घरात कितीतरी वर्षं एका जास्तीच्या माणसासारखं राहिलं.

पाणी उतरेपर्यंत माय सकाळ-संध्याकाळ घाटावर जायची. नुसती उभी राहायची, आता नदीकडे तोंड करून, आणि परत यायची. मला वाटायचं ही बाबांना पाहायला जाते. बाबांनी पुढे सांगितलं, की ते त्या उभ्या राहण्याचीच वाट पाहायचे; ती उभी दिसली की पोरगा आहे. शेवटी एक दिवस लालसूभाऊ स्वतःहून उठला, पाण्यात पाय घालून पाहिला, आणि डोंग्याला हात लावला. बाबा घरात आले. गोळ्या कुटल्या, गुळात कालवल्या, सिद्दूच्या तोंडात घातल्या. सिद्दू जगला. अशक्त कावळ्यासारखा झाला होता, पण जगला. डाव्या कानानं मात्र त्याला ऐकू येईना. आधी वाटलं येईल. आलं नाही.

ते पक्कं कळलं त्या संध्याकाळी शिकवणी झाली नाही. माय सूप घेऊन बसली होती. साधीच बसली होती, आमच्याकडे तोंड करून. बाबा म्हणाले, "मी आलो असतो तं कान वाचला असता."

माय तांदूळ निवडत राहिली.

"अन् पोरगाच गेला असता तं?" बाबांनी विचारलं.

"तं तुमी मले जलमभर बोलले असते," माय म्हणाली. "पण बोलाले तुमी असते."

बाबा उठून बाहेर पडवीत गेले. मी पाठोपाठ गेले, कारण कुठे जाऊ नये हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलं, बाबा, तुमाले कोणी धरलं नवतं. लालसूभाऊनंही नाई. मंग काऊन थांबले? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बकरीचं सांगितलं होतं ना तुले," म्हणाले. ह्या वेळी मी मान हलवली नाही.

माय जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, बाबा तिच्याही आधी. सिद्दू चंद्रपूरला असतो. निवृत्त झालाय, साखर आहे, गुडघे गेलेत, मोटारसायकल सोडत नाही. बायकोनं जिलेबीला नाही म्हटलं की तो उजवा कान झाकून डावा तिच्याकडे करतो आणि सांगतो, ह्या कानानं मले 'नाई' ऐकू येत नाई. सगळे हसतात. मीही हसते, पण जरा उशिरा.

मी इकडेच, भामरागडला राहिले. इथेच शिकवलं, इथेच म्हातारी झाले. मागच्या पावसाळ्यात सिद्दू माझ्याकडे यायला निघाला होता. सकाळपासून आवाज जाड होता. दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे नाला दिसत होता, पुलावरून पाणी जात होतं, लाल, फेसाळलेलं. पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी आडवा बांबू लावलेला आणि त्याच्या बाजूनं लोक खुशाल जात होते. बाबा असते तर म्हणाले असते, हा पाह्य बार.

"ताई, घोट्याइतकंच आहे वो पाणी. एक ट्रक आत्ताच गेला. मी निघतो."

मी म्हटलं, येऊ नोको. म्हटलं, सिद्दू, माह्यं ऐक. वाघाची भीती घातली, पोलिसांची घातली, त्याच्या बायकोची घातली. तो हसत होता. फोन त्यानं डाव्या कानाकडे नेला आणि गाडीला किल्ली लावली. ते मला दिसलं.

मी मोबाईल भिंतीतल्या देवळीत नीट उभा करून ठेवला, मी पूर्ण दिसेन असा. मग खाली बसले. माझेही गुडघे गेलेत, बसायला वेळ लागला. मी समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले, त्याच्याकडे पाठ करून. हाताशी सूप नव्हतं. आता घरात तांदूळ निवडलेले येतात.

फोनमधून नाल्याचा आवाज येत होता. गाडीचा येत होता. "ताई," तो म्हणाला. मग म्हणाला, "ताई, हे काय वो?" मी वळले नाही. मला वळता येत नव्हतं. गाडीचा आवाज तसाच चालू होता. आता कळलं, की पाठ करून बसणाऱ्या माणसाला काहीच दिसत नाही आणि सगळं ऐकावं लागतं. आणि माझ्यासमोर उभं राहून, डोंगा सुटला की नाही ते सांगणारी, दोन वेण्यांची कोणी पोरगी नव्हती.

मग गाडीचा आवाज बंद झाला.

"बरं बाप्पा," सिद्दू म्हणाला, "माय. थांबतो."

तरी मी लगेच वळले नाही. भिंतीकडे तोंड होतं, आणि ते तोंड कसं झालं होतं ते भिंतीशिवाय कोणी पाहण्याचं कारण नव्हतं.